अस्सल, नक्कल आणि विडंबन : अजिंठा ते पैठण, पैठण ते पुणे

१/ मराठीत ‘नक्कल’ हा शब्द दोन अगदी भिन्न कामांसाठी वापरला जातो. तहसील कचेरीतून सातबाऱ्याची नक्कल मिळते आणि गावच्या जत्रेत सोंगाड्या पाटलाची नक्कल करतो. पहिली नक्कल मुळाशी अक्षरशः जुळली नाही तर ती रद्द ठरते. दुसरी अक्षरशः जुळली तर कोणी हसत नाही. तिच्यात कोठेतरी मुद्दाम घातलेला फरक असावा लागतो. लोकांच्या ओठांवरचे गाणे, परिचित कविता किंवा पूजेचे पद उचलून त्यात भलताच आशय भरण्याच्या कलेला आपण विडंबन म्हणतो. ती कला आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आली, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा, हे या धाग्यात पाहू. सुरुवात अजिंठ्यापासून.

२/ अजिंठ्याच्या अर्वाचीन इतिहासाचा मोठा भाग पहिल्या अर्थाच्या नकलेचा आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल यांना भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्यात राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर त्या रंगविल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेच काम १८७२ पासून नव्याने केले. त्यांतील अनेक चित्रे १८८५ मध्ये, लंडनमध्येच, दुसऱ्या आगीत जळाली. नकला गेल्या. अस्सल मात्र वाघूर नदीच्या वळणावर, कितीही विटलेले असले तरी, आजही भिंतीवर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. धाग्याच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

३/ अजिंठ्याच्या भिंतींवर दुसऱ्या अर्थाची नक्कलही आहे. १७ व्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा चितारली आहे. दानशूर राजपुत्राकडे त्याची मुलेच मागावयास आलेला लोभी ब्राह्मण जूजक तेथे दिसतो. बुद्ध आणि बोधिसत्त्व यांच्या प्रशांत मुद्रा रंगविणाऱ्या कुंचल्याने याला बोकडदाढी दिली आहे आणि दात विचकलेला चेहरा दिला आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषातील मंडळी मद्याचे पेले घेऊन रंगात आलेली आहेत. ठेंगणे, ढेरपोटे गण तर अनेक ठिकाणी भेटतात. पाचव्या शतकातील, वाकाटक काळातील हे कलावंत धर्मस्थळात काम करीत होते. त्यांना किंवा त्यांच्या दात्यांना तेथे हसू वर्ज्य वाटले नाही, एवढा निष्कर्ष यातून निघतो. पूजा आणि थट्टा एकाच छताखाली नांदू शकतात, हा संस्कार या भूमीत जुना आहे.

४/ अजिंठ्याहून सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेस, त्याच जिल्ह्यात, गोदावरीकाठी पैठण आहे. सातवाहनांची राजधानी असलेले हे प्राचीन प्रतिष्ठान. अजिंठ्याची ९ व १० क्रमांकाची आद्य लेणी सातवाहन काळातच कोरली गेली. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचा संग्रह परंपरेने हाल या सातवाहन राजाच्या नावावर आहे. खेड्यातील चतुर स्त्रिया, भोळे नवरे, उतावीळ वाटसरू यांची मिस्कील चित्रे त्यात जागोजागी आहेत. परंतु रूढ गाण्याचा साचा जसाच्या तसा उचलून त्याचा अर्थ उलटविण्याची पद्धतशीर कारागिरी पाहावयाची, तर याच पैठणात सोळाव्या शतकात यावे लागते. ती करणारी व्यक्ती आहे संत एकनाथ (१५३३–१५९९).

५/ एकनाथांची ओळख आपल्याला ‘एकनाथी भागवता’चे कर्ते आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारे संपादक म्हणून असते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीतील पाठभेद दूर केले. अस्सल कोणते आणि प्रक्षिप्त कोणते, याचा इतका काटेकोर विचार करणाऱ्या या माणसाने सुमारे ३०० भारुडेही रचली. ‘भारूड’ हा शब्द ‘बहुरूढ’ यावरून आला, अशी एक व्युत्पत्ती दिली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर उतरो वा न उतरो, या रचनांना चपखल बसते. कारण एकनाथांनी येथे नवे काही गाइले नाही. लोकांत जे रूढ होते तेच उचलले.

६/ काय उचलले, त्याची यादी पाहावी : वासुदेव, गोंधळी, जोगी, भुत्या, वाघ्या, मुरळी, पोतराज, कोल्हाटीण, फकीर. शिवाय आंधळा, पांगळा, बहिरा, मुका, वेडी. पिंगा आणि फुगडी. विंचवाचा उतारा आणि भूत काढण्याचा विधी. सोळाव्या शतकातील पैठणच्या रस्त्यावर, बाजारात, अंगणात जे जे गाइले-नाचले जात होते, ते सर्व. हे प्रकार श्रोत्यांच्या कानांत आधीच बसलेले होते. वासुदेवाची टोपी दिसली की तो काय म्हणणार, हे लोकांना ठाऊक असे. भारुडातील वासुदेव तोच ताल धरी, तसेच दान मागे. पण मागता मागता दान निराळेच निघे. अपेक्षा चालीने निर्माण करावयाची आणि शब्दांनी मोडावयाची. आजचे विडंबनगीतही याच युक्तीवर चालते.

७/ ‘रोडगा’ हे प्रसिद्ध भारूड याचा उत्तम नमुना आहे. त्याचा साचा नवसाचा. एक सासुरवाशीण भवानीआईला साकडे घालते आणि रोडगा वाहण्याचे कबूल करते. येथवर सारे रीतसर. मग तिच्या मागण्या सुरू होतात. सासऱ्याने परत येऊ नये, सासूचे बरेवाईट व्हावे, जावेला वैधव्य यावे, नणंदेच्या पोराला काहीतरी व्हावे आणि अखेर नवऱ्याचीही गणती व्हावी! एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणत्याही श्रोत्याला येथे हसू आवरणे कठीण. शेवटी ही स्त्री एकटीच उरू इच्छिते आणि मग ध्यानात येते की सासू-सासरे म्हणजे जिवाला जखडून ठेवणारे विकार. परंतु वरचा विनोद खालच्या अर्थाची केवळ साखर नव्हे. सुनेची घुसमटही त्यात खरीच आहे. म्हणून तर बायाबापड्यांनी हे भारूड शतकानुशतके जपले.

८/ मला अधिक थक्क करणारी रचना मात्र ‘अर्जदस्त’ ही आहे. अर्जदस्त म्हणजे कनिष्ठ अधिकाऱ्याने वरिष्ठाला पाठविलेला फारसी वळणाचा अर्ज. एकनाथांनी गाण्याऐवजी येथे सरकारी कागदाचेच विडंबन केले आहे. परगण्याचे नाव शरीराबाद. किल्ला कायापुरी. अर्ज करणारा अधिकारी जिवाजी आणि त्याचा कारकून बुधाजी. तक्रार अशी की परगण्यात कारभार करावयास गेलो, तर दंभ, काम, क्रोध, ममता ही स्थानिक वतनदार मंडळी काही चालू देत नाहीत. सलाम, मजकूर, हुकूम यांची सारी परिभाषा दफ्तरातील आणि आशय अध्यात्मातील. दोन परस्परविरोधी गोष्टी अशा जोडावयाच्या की दोहोंवर नवा प्रकाश पडावा, यालाच आज तरुण मंडळी ‘मॅशअप’ म्हणतात. हा मॅशअप चारशे वर्षांहून जुना आहे.

९/ एवढे अचूक दफ्तरी विडंबन कसे साधले? एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या सेवेत अधिकारी होते. एकनाथ बालपणीच त्यांच्याकडे गेले. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर वह्या घेऊन बसले, ही आख्यायिका आपण शाळेत ऐकलेली असते. आख्यायिकेचा तपशील बाजूला ठेवला तरी किल्ल्यावरचा कारभार आणि त्याची भाषा त्यांनी जवळून पाहिली असणार, यात शंका नाही. विडंबनकाराला मूळ वस्तू तिच्या भक्तापेक्षाही अधिक ठाऊक असावी लागते. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याला अर्जाची थट्टाही करता येत नाही.

१०/ आता प्रश्न कळीचा : या हसण्याचे लक्ष्य कोण? वासुदेव, गोंधळी, फकीर यांची सोंगे घेऊन एकनाथ त्यांनाच हसतात काय? काही भारुडांत भोंदू जोगी आणि ढोंगी गुरू यांवर कोरडे आहेत. पण एकंदरीत सोंग हे साधन आहे. लक्ष्य श्रोत्याचे स्वतःचे मन आहे. ‘हिंदु-तुर्क संवादा’त दोघे एकमेकांच्या आचारांची यथेच्छ खिल्ली उडवितात, दोघांनाही तोलामोलाचे बोलावयास मिळते आणि शेवट आलिंगनाने होतो. विडंबनात साधन कोणते आणि लक्ष्य कोण, हा भेद पुढच्या सर्व उदाहरणांत आपल्याला उपयोगी पडेल.

११/ एक अवघड जागा मात्र टाळता येणार नाही. एकनाथांनी ‘जोहार’ही लिहिले. जोहार हे गावगाड्यातील महाराने मालकांना करावयाचे वंदन. ब्राह्मण एकनाथ तेथे महाराच्या वेषात उभे राहून गावच्या, म्हणजे देहाच्या, कारभाराचा अहवाल देतात. त्या काळी ब्राह्मणाने तो आवाज धारण करणे हे धाडस होते, हे मान्यच करावे लागेल. पण त्यांच्याही आधी चोखामेळ्याने जोहाराचा अभंग रचला होता आणि चोखोबांसाठी ते सोंग नव्हते; रोजचे जिणे होते. शब्द तेच, वंदन तेच. म्हणणारा बदलला की अर्थ बदलतो. एकाला सोंग उतरवून घरी जाता येते, दुसऱ्याला येत नाही. विडंबनाचा इतिहास लिहिताना हा फरक पुसून चालत नाही.

१२/ लोकांनी दिलेले एकनाथांनी भक्तीकडे नेले. लोकांनीही मग आपली वसुली केली. एकनाथांनी गौळणी लिहिल्या : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गोपी आणि वाट अडविणारा कृष्ण. तमाशाने गण, गौळण, बतावणी, वग असा आपला क्रम बसविला, तेव्हा हीच गौळण त्यात आली. मात्र गोपींची पुढारीण झाली ‘मावशी’. ही मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. ती कृष्णालाच उलटे प्रश्न विचारते आणि पेंद्याची फिरकी घेते. संताने लोकगीतातून भक्तिगीत केले आणि सोंगाड्याने त्या भक्तिगीतातून पुन्हा लोकांची थट्टा घडविली. यात कोणाच्या भावना दुखावल्याचे परंपरेला वाटले नाही. ज्या फडावर गौळण चाले, तेथेच गणाने आधी गणपतीला वंदन झालेले असे.

१३/ एकोणिसाव्या शतकात उसन्या चालीला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा प्रयोग झाला. कालिदासाची शकुंतला त्यात लावणी, साकी, दिंडी, ओवी यांच्या चालींवर गाऊ लागली. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून एखाद्या आधीच्या परिचित गाण्याचे नाव दिलेले असे. वाचकाने ते गाणे आठवावयाचे आणि नवे शब्द त्यावर म्हणावयाचे. हे विडंबन नव्हे. पण यामुळे एक मोठी गोष्ट घडली. एका चालीवर दुसरे शब्द बसविण्याची सवय शिकलेल्या, मध्यमवर्गीय मराठी घरांतही रुजली. विनोदी विडंबनासाठी लागणारी जमीन अशी नांगरून तयार झाली.

१४/ त्या जमिनीत पीक मात्र एकाच प्रकारचे आले नाही. १८९४ पासून पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघू लागले. एकसारख्या वेषातील मुले लोकप्रिय चालींवर नवी, प्रसंगोचित पदे गात. मोहरमच्या मिरवणुकीतील टोळ्यांच्या धर्तीवर हे मेळे उभे राहिले, असे अभ्यासक सांगतात. आणि आरंभीच्या मेळ्यांतील काही पदे तर हिंदूंनी मोहरमात भाग घेऊ नये, असेच सांगणारी होती. ज्याच्याकडून रूप घेतले, त्याच्याकडेच पाठ फिरविली. पुढे सुधारकांवर आणि शिकणाऱ्या स्त्रियांवरही मेळ्यांनी तोंडसुख घेतले. चाल गोड आणि गाणारी मुले निरागस असल्यामुळे बोचरेपणा अधिकच खोल जाई.

१५/ त्याला उत्तरही त्याच भाषेत मिळाले. १९२० च्या दशकात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या ब्राह्मणेतर गटाने पुण्यात छत्रपती मेळा काढला आणि त्याच्या पदांनी प्रस्थापितांची यथास्थित हजेरी घेतली. प्रकरणे हातघाईवर आली. संस्कृतातील ‘विडम्बना’ या एकाच मुळापासून मराठीला दोन शब्द मिळाले आहेत : विडंबन आणि विटंबना. पहिल्यात ज्याची नक्कल होते, त्यालाही हसण्यास जागा असते. दुसऱ्यात त्याने मान खाली घालावी, अशीच अपेक्षा असते. दोहोंमधील रेषा कोठे आहे, हे गाण्याच्या शब्दांवरून नेहमी कळत नाही. कोण कोणाविषयी गात आहे आणि ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची सोय आहे काय, हे पाहावे लागते.

१६/ ज्यांना शतकानुशतके उत्तर देण्याची सोय नव्हती, त्यांनी हा साचा कसा वापरला, ते जलशांत दिसते. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या विचारांचे जलसे तमाशाचाच आराखडा घेऊन निघाले. पण गौळणीच्या जागेवर आता शेतकऱ्याला नाडणारे भटजी आणि सावकार यांची फजिती आली. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. नाशिकचे भीमराव कर्डक हे त्यांतील मोठे नाव. जलशात गणपतीच्या गणाची जागा बाबासाहेबांच्या वंदनाने घेतली. पुढे वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) कवी-गायकांच्या परंपरेत लोकांना पाठ असलेल्या चालींवर भीमगीते घरोघर पोहोचली. आणि वंदनाचा शब्दही बदलला : ‘जोहार’ गेला, ‘जयभीम’ आला. ज्याची आजवर सोंगे निघत होती, त्याने फडच हातात घेतला.

१७/ आता ग्रंथालयातील विडंबनाकडे येऊ. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी कविता पुस्तकातून काढून सभागृहात आणली. ते ती चालीवर गाऊन दाखवीत. काव्यगायन ही त्या काळची मोठी लाट होती. लाटेबरोबर फेस येतोच : कृत्रिम प्रेमविव्हलता, फारसी शब्दांची हौस, परस्परांची स्तुती. सासवडला जन्मलेल्या एका तरुण शिक्षकाने हा फेस नेमका हेरला. ते प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९). टोपणनाव ‘केशवकुमार’. आधुनिक मराठी कवितेचे जनक कृष्णाजी केशव दामले यांचे टोपणनाव ‘केशवसुत’. दोघांच्याही वडिलांचे नाव केशव, दोन्ही नावांचा अर्थ एकच. विडंबन कवितेच्याही आधी, सहीपासूनच सुरू झाले म्हणा ना!

१८/ अत्र्यांचा ‘झेंडूची फुले’ हा संग्रह १९२० च्या दशकातला. झेंडू हे कवींचे लाडके फूल नव्हे. ते बाजारात ढिगाने मिळते. संग्रहातील कारागिरी समजून घ्यावयाची तर ‘आम्ही कोण?’ पाहावी. केशवसुतांच्या याच नावाच्या कवितेत कवीच्या प्रतिभेचा उदात्त अभिमान आहे. वृत्त शार्दूलविक्रीडित : चरणात १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. वाघाच्या झेपेची चाल असलेले हे भारदस्त वृत्त. अत्र्यांनी नाव तेच ठेवले, वृत्त तेच ठेवले, प्रश्नाचा तोराही तोच ठेवला. फक्त उत्तर देणारा बदलला. तो झाला दुसऱ्याच्या ओळी चोरणारा, मासिकात फोटो छापून आणणारा, मित्रांकडून वाहवा मिळविणारा पोशाखी कवी. वाघाच्या कातड्यात कोण आहे, हे पहिल्याच चरणात कळते.

१९/ एकनाथांच्या संदर्भात केलेला साधन आणि लक्ष्य हा भेद येथे कामास येतो. केशवसुतांची कविता हे अत्र्यांचे साधन. लक्ष्य होते त्यांच्या वारशावर हक्क सांगणारे समकालीन. केशवसुत १९०५ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या कवितेची उंची वाचकाला ठाऊक असल्यावाचून ही थट्टा उभीच राहत नाही. म्हणजे विडंबन वाचून हसणारा प्रत्येक वाचक नकळत मूळ कवितेलाच मानवंदना देतो. उलट, त्या काळच्या कित्येक लकबी आणि शब्दांचे नखरे आज कोणाच्या स्मरणात असतील, तर ते ‘झेंडूची फुले’मुळेच. टीकाकाराने कवितेची बाजू खोडून काढली, तर वाचक टीका विसरतो. विडंबनकाराने खोडली, तर ती दोघांसह लक्षात राहते.

२०/ स्वातंत्र्योत्तर काळात हे प्रवाह एकमेकांत मिसळले. १९६५ मध्ये वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य आले. त्यात राजा, कोतवाल आणि हवालदार यांच्या आडून चालू राजकारणाची खिल्ली होती आणि दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या बातमीप्रमाणे प्रयोगात नवे संवाद घालीत. शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांच्या आवाजात एकनाथांचा ‘विंचू’ घराघरांत पोहोचला. आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकविणारे लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा उभ्या करीत. मराठवाड्याच्या बोलीची ती नक्कल होती. पण तिला हसणाऱ्यांत सर्वांत पुढे मराठवाड्याचीच माणसे असत. विडंबन आणि विटंबना यांतील रेषा ओळखण्याची याहून सोपी खूण नसेल.

२१/ कायदा याविषयी काय म्हणतो? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाचे वेगळे नाव नाही. कलम ५२ मध्ये टीका वा समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, तिच्यातच त्याला आपली जागा शोधावी लागते. अमेरिकेत १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका लोकप्रिय गाण्याच्या व्यावसायिक विडंबनालाही रास्त वापराचा दावा करता येतो, असे मान्य केले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. यातून एक गंमत उद्भवते. केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ कधीच सर्वांची झाली आहे. पण अत्र्यांनी केलेले तिचे विडंबन २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अस्सल मोकळे आणि नक्कल कुलपात! एकनाथांचे भारूड मात्र कोणाच्याच मालकीचे नाही आणि म्हणून सर्वांच्या मालकीचे आहे.

२२/ आता अजिंठ्याच्या त्या दोन आगींकडे परत येऊ. तेथे नकला जळाल्या आणि अस्सल उरले. पैठणला नेमके उलटे घडले. सोळाव्या शतकातील वासुदेव प्रत्यक्षात काय गात होता, विंचू उतरविणारा कोणते शब्द म्हणे, सासुरवाशीण भवानीला खरोखर कसा नवस बोले, ही मूळ गाणी कोणी लिहून ठेवली नाहीत. ती गाणाऱ्यांबरोबर गेली. त्यांचा ठसा आज आपल्याकडे उरला आहे, तो एकनाथांनी केलेल्या नकलेत. इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणून विडंबन हे गौण वाङ्मय मानता येत नाही. राजदरबाराने ज्याचा दस्तऐवज केला नाही, अशा रस्त्याचा तो दस्तऐवज आहे.

२३/ पण या दस्तऐवजाला एक वाळवी लागते. मूळ विसरले गेले की विडंबन मुके होते. ‘अर्जदस्त’ वाचून सोळाव्या शतकातील श्रोता खदखदून हसला असेल. आज आपल्याला शेखदार कोण, नाईकवाडी कोण, हे टिपांत पाहावे लागते आणि टीप वाचून कोणी हसत नाही. ‘झेंडूची फुले’मधील अनेक कवितांचीही तीच वाट आहे, कारण ज्यांच्यावर त्या बेतल्या, त्या कविता आता कोणी म्हणत नाही. आज मोबाईलवर एका दिवसात शेकडो विडंबने तयार होतात आणि आठवड्याभरात त्यांचा संदर्भ नाहीसा होतो. त्यांच्या दर्जाविषयी नाक मुरडणे सोपे आहे. त्यांचा संदर्भ नोंदविणारा कोणी नाही, ही खरी अडचण आहे.

२४/ तेव्हा सुरुवातीच्या समजाचे उत्तर असे : अत्र्यांनी पाश्चात्त्य साहित्यातील ‘पॅरडी’ जरूर अभ्यासली असेल, पण त्यांना हसणारे कान एकनाथांनी आणि तमाशाने आधीच तयार करून ठेवले होते. दरवर्षी फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, पैठणला दिंड्या जमतात आणि आजही भारुडे होतात. भारूडकार त्यात मोबाईल आणतो, निवडणूक आणतो, हुंडा आणतो, साचा नाथांचाच. आपल्या गावात कोणते भारूड, कोणते मेळ्याचे पद, लग्नातील कोणते टोमण्याचे गाणे कोणत्या चालीवर म्हटले जाई, हे घरातील वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे. शब्दांबरोबर मूळ चाल आणि ज्याची थट्टा होती, त्याचा थोडका परिचयही लिहून ठेवावा. प्रतिसादात तशी नोंद केल्यास पुढील धाग्यात मेळ्यांच्या पदांवर सविस्तर लिहिताना तिचा उपयोग होईल.

(धागा समाप्त)